हूकरची बायको आणि वॉल्टनची लेखणी

आता आपण रिचर्ड हूकरच्या चरित्राकडे येऊ. हा इंग्लंडच्या चर्चचा मोठा विचारवंत वारला १६०० साली. आयझॅक वॉल्टनने त्याचं चरित्र लिहिलं १६६५ मध्ये. त्यातला एक प्रसंग आपल्या लक्षात राहतोच. जुने शिष्य भेटायला येतात, तर गुरुजी हातात होरेस घेऊन मेंढ्या राखतायत. आणि थोड्याच वेळात बायको पाळणा हलवायला बोलावते! आपण हसतो, आणि हसता हसता जोनला कजाग ठरवून टाकतो.

इथेच वॉल्टन आपल्याला पकडतो. पुढे तो सांगतो, हूकरचे कागद त्याच्या मृत्यूनंतर जाळले गेले, तेही हिच्या संमतीने. म्हणजे ग्रंथाचे शेवटचे तीन भाग संशयास्पद! त्यातल्या आठव्या भागात राजाच्या सत्तेला कायद्याची मर्यादा आहे. राजेशाही नुकतीच परतलेली असताना हा संशय सोयीचाच होता, नाही का?

१९४० मध्ये सी. जे. सिसन यांनी जुन्या खटल्यांचे कागद तपासून ही कथा मोडीत काढली. जोन लंडनच्या सधन व्यापाऱ्याची मुलगी होती. गद्य सुंदर असलं म्हणून साक्ष खरी ठरत नाही. वॉल्टन आपण वाचत राहू. जोनवरचा आरोप मात्र मागे घेऊ.