कारुक भाषेंतील सादृश्यमूलक रंगनामें

कॅलिफोर्नियाच्या वायव्य भागांत क्लामाथ नदीच्या कांठीं कारुक लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेचें विल्यम ब्राइट यांनीं केलेलें व्याकरण १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. या भाषेंत ‘आख’ म्हणजे रक्त व ‘अख्कुनिश’ म्हणजे तांबडा. ‘इक्खरम’ म्हणजे रात्र व ‘इक्खरमकुनिश’ म्हणजे काळा. ‘कचकाच’ या निळ्या पक्ष्याच्या नांवावरून ‘कचकाचकुनिश’ म्हणजे निळा. ‘कुनिश’ म्हणजे ‘सारखा’, ‘जणूं’. हें पद कथनांत सुटेंही येतें.

यावरून या लोकांस अमूर्त गुणाची कल्पनाच नव्हती असें कोणी अनुमान काढील, तर तें आम्हांस अग्राह्य वाटतें. ‘यव’ म्हणजे चांगला, ‘केच’ म्हणजे मोठा. या शब्दांत सादृश्याचें पद मुळींच नाहीं.

बर्लिन व के यांनीं १९६९ सालच्या ग्रंथांत ९८ भाषांच्या आधारें मूलभूत रंगांच्या ११ कोटि मांडल्या. त्यांचा उद्योग मोठा, यांत शंका नाहीं. परंतु ज्या नांवाचा अर्थ त्याच्या अवयवांवरून कळतो तें मूलभूत नव्हे, ही त्यांची पहिली कसोटी आम्हांस पटत नाहीं. ती अक्षरशः लावल्यास ‘अख्कुनिश’ बाद होतो; उलट फळाचें नांव असलेला इंग्रजी ‘ऑरेंज’ मात्र त्या अकरांत बसतो. एकाचा प्रत्यय दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाहीं, एवढाच काय तो भेद! मराठींत पोपटी, राखाडी, जांभळा हे शब्द असेच घडले आहेत. जांभळें लुगडें मागणाऱ्या बाईच्या मनांत जांभूळ असतेंच असें कोण म्हणेल?

तात्पर्य, व्युत्पत्ति ही नांव कसें पडलें याचा पुरावा आहे. डोळ्यांस काय दिसलें किंवा मनांत काय आलें याचा नव्हे. इतिहाससंशोधकानें हा विवेक सोडूं नये. कारुक ही मातृभाषा असणारे आज फारच थोडे उरले असून, तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न त्या समाजांत चालू आहे. ब्राइट व सुझन गेर यांचा कोश २००५ सालीं निघाला, हें त्या दृष्टीनें मोठेंच साहाय्य होय. अशा भाषेविषयीं शब्दांच्या घडणीवरून घाईनें निर्णय देणें म्हणजे साक्षीदाराचें म्हणणें ऐकण्यापूर्वींच निकाल लिहिणें होय.