श्रोत्याचा अभाव : तीन एकाकी व्यक्तिरेखा

एकाकी आणि गैरसमजाचा बळी ठरलेल्या व्यक्तिरेखांविषयी कथावाङ्मयाच्या समीक्षेत एक ठरीव मांडणी वारंवार आढळते. समाज निष्ठुर असतो. व्यक्ती संवेदनशील असते. समाजाला तिचे अंतरंग कळत नाही, वाचकाला मात्र ते कळते. ही मांडणी वाचकाला सुखावणारी आहे, कारण तीत त्याला काही न करता सहृदयतेचा मान मिळतो. परंतु दोन माणसांच्या व्यवहारात बिघडते ते नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. 'गैरसमज' म्हणजे बोललेल्याचा चुकीचा अर्थ लावणे. पण जेथे बोलणे हे बोलणे म्हणून स्वीकारलेच जात नाही, तेथे अर्थाची चूक होण्याइतकाही व्यवहार घडलेला नसतो.

रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या भाषाविज्ञान व काव्यशास्त्रविषयक निबंधात भाषिक व्यवहाराचे सहा घटक सांगितले आहेत : वक्ता, श्रोता, संदेश, संदर्भ, संकेतव्यवस्था आणि संपर्क. यांपैकी कोणता घटक निखळला आहे, हे पाहिले असता एकाकीपणाचे निरनिराळे प्रकार स्पष्ट होतात. मेरी शेली यांची 'फ्रँकेनस्टाइन' (१८१८), फ्रान्झ काफ्का यांची 'रूपांतर' (१९१५) आणि हर्मन मेलव्हिल यांची 'बार्टलबी' (१८५३) या तीन कृती या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत. कालक्रम सोडून 'बार्टलबी'चा विचार अखेरीस केला आहे, कारण पहिल्या दोन कृतींवरून निघणाऱ्या निष्कर्षाची खरी कसोटी तेथे लागते.

व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने निर्माण केलेल्या प्राण्याला नाव नाही. भाषा मात्र आहे. द लासी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून तो ती ऐकून ऐकून शिकतो. प्रथम त्याच्या पदरात पडतात ते विस्तव, दूध, पाव, लाकूड अशा वस्तूंचे शब्द. मग माणसांची नावे. येथे शेली यांनी केलेली एक नोंद अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. घरातील तरुण-तरुणीला प्रत्येकी अनेक नावे आहेत, वृद्धाला मात्र 'पिता' हे एकच नाव आहे, असे त्या प्राण्याच्या लक्षात येते. तरुण हा फेलिक्स आहे, भाऊ आहे आणि पुत्रही आहे. विशेषनामाखेरीज उरलेले शब्द नातेवाचक आहेत आणि नातेवाचक शब्द दुसऱ्या व्यक्तीवाचून उभाच राहू शकत नाही. भाषा शिकता शिकता तो प्राणी हेही शिकतो की, या शब्दवर्गात त्याच्यासाठी एकही जागा नाही. त्याच्या निर्मात्यापाशीही त्याच्यासाठी शिव्याच तेवढ्या आहेत.

पुढे तो मिल्टन, प्लूटार्क आणि गटे वाचतो. म्हणजे संकेतव्यवस्था त्याच्या पूर्ण स्वाधीन आहे. नाकारला जातो तो संपर्क. आंधळ्या द लासीशी त्याचा संवाद सुरळीत चालतो आणि डोळस मंडळी घरात येताच तो तुटतो. बालक विल्यम त्याला पाहून डोळे झाकून किंचाळतो. हिमनदीवर भेटलेल्या व्हिक्टरच्या डोळ्यांपुढे तो स्वतःच हात धरतो, आपले रूप दिसू नये पण बोलणे ऐकू यावे म्हणून. ऐकून घेणे ही केवळ कानाची क्रिया नव्हे, ती एक संमती आहे. आणि ती संमती येथे डोळा रोखून धरतो. अर्थात त्या प्राण्याच्या हातून झालेले खून यामुळे क्षम्य ठरत नाहीत. लेखिकेनेही ते क्षम्य ठरविलेले नाहीत. तिने त्याला बोलू दिले आहे, एवढेच.

ग्रेगोर झामझाची स्थिती याच्या उलट आहे. त्याच्यापाशी घर आहे, नाव आहे, 'मुलगा' व 'भाऊ' ही नातीही आहेत. नाहीसा होतो तो उच्चार. बंद दाराआडून त्याने केलेले लांबलचक निवेदन ऐकून, हा तर जनावराचा आवाज, असा निर्वाळा कचेरीचा मुखत्यार देतो. ग्रेगोरला स्वतःला मात्र आपले शब्द पुरेसे स्पष्ट वाटलेले असतात. याहून गंभीर आहे ते घरच्यांचे अनुमान. त्याचे बोलणे इतरांना कळत नाही, म्हणून इतरांचे बोलणे त्यालाही कळत नसावे, असे सर्वजण, त्याची बहीणदेखील, गृहीत धरतात. उच्चारणाची क्षमता व आकलनाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. त्या एकच मानल्यामुळे ग्रेगोर स्वतःच्याच घरात ऐकणारा परंतु ज्याला कोणी बोलत नाही असा होऊन बसतो.

या अनुमानाची परिणती एका सर्वनामात होते. अखेरीस बहीण भावाचे नाव घेण्याचे नाकारते आणि त्याच्याविषयी नपुंसकलिंगी सर्वनाम वापरू लागते. बाप मात्र त्याच प्रसंगी, याला आपले बोलणे कळत असते तर, असे म्हणताना पुल्लिंगी सर्वनाम सोडत नाही. घरातून हकालपट्टी होण्याआधी व्याकरणातून हकालपट्टी झालेली असते. मराठीत तीन लिंगे असल्यामुळे हा भेद राखण्याची सोय अनुवादकाला आहे. पण ती आपोआप साधत नाही. 'किडा' हा शब्द योजल्यास 'तो' कायम राहतो आणि बहिणीच्या तोंडचा आघात पुसला जातो. 'जनावर' म्हटले तर 'ते' येते. परंतु 'त्याला', 'त्याचे' ही रूपे दोन्ही लिंगांत सारखीच असल्याने वाक्याची रचनाही जपून करावी लागते. 'तो गेलाच पाहिजे' आणि 'ते गेलेच पाहिजे' या दोन वाक्यांतील अंतर हेच त्या कथेतील बापलेकींमधील अंतर होय.

या दोन्ही कृतींत वाचकाला एक लाभ होतो. पात्राला न मिळालेला श्रोता तो स्वतः होतो. प्राण्याची कहाणी व्हिक्टर, त्याच्याकडून वॉल्टन आणि वॉल्टनच्या पत्रांतून त्याची बहीण अशा परंपरेने पोचते. ग्रेगोरचे मन निवेदक उघडून दाखवितो. त्यामुळे आपल्याला सारे कळले, असा वाचकाचा समज होतो. हा समज 'बार्टलबी' टिकू देत नाही.

वॉल स्ट्रीटवरील वकील-निवेदक या नकलनविसाला हिरव्या पडद्याआड बसवितो. तो डोळ्यांआड राहावा पण हाकेच्या अंतरावर असावा, ही त्यामागील योजना. येथे संपर्क आहे, संकेतव्यवस्थाही समान आहे. नकल ताडून पाहण्यास सांगितल्यावर बार्टलबी जे उत्तर देतो, ते ऐकू येते व शब्दशः कळतेही. त्यात नकार इच्छेचा नाही, पसंतीचा आहे. आणि वकिलाने इच्छेचे क्रियापद पुढे केले असता तो पुन्हा पसंतीच्याच क्रियापदाकडे वळतो. कचेरीतील माणसे नकळत तोच शब्द वापरू लागतात. शब्द पसरतो, पण त्यामागील कारण कोणाला उमगत नाही. निखळलेला आहे तो संदर्भ.

शिवाय हा वकील निष्ठुर नाही. तो बार्टलबीला आपल्या घरी राहावयास बोलावतो, तुरुंगातही भेटावयास जातो. म्हणजे 'निष्ठुर समाज' हे उत्तर येथे अपुरे पडते. बार्टलबीच्या मृत्यूनंतर वकील एक ऐकीव वार्ता सांगतो : तो पूर्वी वॉशिंग्टनच्या टपाल खात्यात, पत्त्यावर न पोचलेल्या पत्रांच्या विभागात, कामाला होता. ही वार्ता खरी की खोटी, हे त्यालाही ठाऊक नाही. तरीही वाचक तिच्याकडे कारण म्हणून धाव घेतो. ही धाव मोह आहे. कारण सापडले की ऐकण्याची जबाबदारी संपते.

'गैरसमज झालेले पात्र' ही संज्ञा म्हणून जपूनच वापरावी लागेल. तिच्यात योग्य समज कोठेतरी सिद्ध आहे आणि ती वाचकापाशी आहे, असे गृहीत धरलेले असते. पहिल्या दोन कृतींपुरते ते काही अंशी खरे आहे. 'बार्टलबी'त ते खरे नाही. पात्राचे रहस्य उकलणे हे समीक्षेचे पहिले काम नव्हे. कोणी ऐकले, कोणी ऐकण्याचे नाकारले आणि कोणत्या शब्दरूपाने नाकारले, हे संहितेतून दाखवून देणे हे तिचे पहिले काम होय. ते झाल्यावरही जे उमगत नाही, ते न उमगलेले म्हणून मान्य करणे, यातच त्या पात्राला श्रोता लाभण्याची शक्यता आहे.