बोनसची कॅसेट आणि गाण्यातले नाव

दलित साहित्याचा इतिहास सांगताना आपण पुस्तकांची नावे घेतो. १९६३ चे ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९७२ चे ‘गोलपिठा’, १९७८ चे ‘बलुतं’. ही नावे घेतलीच पाहिजेत. पण ज्या १९७८ साली ‘बलुतं’ आले त्याच साली भीमराव कर्डकांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हेही पुस्तक आले, आणि आपल्या चर्चासत्रांतून त्याच्यावर त्याच्या शतांशानेही बोलले गेले नाही. कारण उघड आहे. आपली समीक्षा लिहिलेले वाचते. गायिलेले ती ऐकते, त्यावर डोलते, आणि मग घरी येऊन पुस्तकावर लिहायला बसते. ज्या घरात पुस्तक शिरले नव्हते त्या घरात बाबासाहेबांचा विचार कसा पोहोचला असे कोणी विचारले, की ‘जलसा’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण जलसा रात्री होऊन जाई. सकाळी घरात काय उरे? १९८० नंतरच्या काळापुरते तरी याचे एक उत्तर आहे : कॅसेट. आणि पुष्कळ घरांत ही कॅसेट विकत घेतलेली नसे, कोणीतरी भेट म्हणून आणलेली असे. या भेटीचा विचार साहित्याचा प्रश्न म्हणून झाला पाहिजे, असे मला वाटते.

मी ज्या भेटींविषयी लिहितो आहे त्या बोईसरहून निघालेल्या आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या अंगालाच औद्योगिक वसाहत वाढत गेली. कापड, रसायने, औषधे, पोलाद. आदिवासींच्या या मुलखात मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे पोटासाठी आली. त्यांत आपलीही होती. या माणसाचे एक पंचांग १४ एप्रिल, अशोक विजयादशमी आणि ६ डिसेंबर यांचे. दुसरे पंचांग कारखान्याचे. पैसा दुसऱ्या पंचांगाने येई. १९६५ च्या बोनस कायद्याने बोनस ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही, पण तो हाती पडायचा तो दिवाळीच्या तोंडावर, आणि घरी जायला रजा मिळायची तीही तेव्हाच. (कंत्राटी कामगाराच्या हाती काय पडे, हा वेगळा आणि कडू विषय आहे.) त्यामुळे दसऱ्याला पांढरे कपडे घालून त्रिशरण-पंचशील म्हणणारा माणूस तीन आठवड्यांनी दिवाळीच्या गर्दीत एस.टी.च्या टपावर पेटी चढवून गावी निघालेला दिसे. पिशवीत आईचे लुगडे, पोरांचे कपडे, आणि भीमगीतांची एक कॅसेट.

माझे दाजी तारापूरच्या एका कापड कारखान्यात होते. १९८६ च्या दिवाळीत त्यांनी आमच्या आईसाठी अशी कॅसेट आणली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि बावीस प्रतिज्ञा मला नुकत्याच तोंडपाठ झाल्या होत्या. मी दाजींना अडवले. दिवाळी आपली नव्हे, तर दिवाळीची भेट आपली कशी? दाजी शांतपणे म्हणाले, “दिवस कंपनीचा हाय, गाणं माझं हाय. कंपनी जयंतीला बोनस देईल तवा जयंतीला आणीन.”

त्या वेळी मला हे उत्तर पळवाटीचे वाटले. आज वाटत नाही. दिवाळी आमच्या वस्तीवर कधी नव्हती असे नाही. ती वेगळ्या रूपाने येई. येसकराच्या पाळीचा माणूस सणाच्या दिवशी दारोदार फिरून भाकरी-कोरड्यास गोळा करी; दिवाळीला पोस्त मिळे, जुनेर मिळे. देणारा ओट्यावर, घेणारा अंगणात, आणि दिलेली वस्तू वरून टाकलेली. या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणून घाव घातला; वतने प्रत्यक्ष जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे सणाला घरी येणारी वस्तू मागून आणलेली नाही, वरून पडलेली नाही, पगाराच्या पैशातून आपल्या माणसाने आपल्या माणसासाठी निवडून आणली आहे, हा अनुभव आमच्या घरांना दाजींच्या पिढीने दिला. त्या पैशातून मिठाई आणता आली असती. त्यांनी गाणे आणले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली भेटवस्तूवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही बंधनांनी माणसे एकमेकांना बांधली जातात. पोस्ताच्या व्यवहारात तिसरी गोष्ट शक्यच नव्हती. कॅसेटीच्या बाबतीत ती घडली. कशी, ते पुढे सांगतो.

आता त्या कॅसेटीकडेच पाहू. कव्हरावर निळ्या रंगात बाबासाहेबांचा फोटो, खाली कोपऱ्यात गायकाचा चेहरा, गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, कंपनीचे नाव त्याहून मोठ्या अक्षरात, संगीतकाराचे बारीक. आतल्या कागदावर दोन्ही बाजूंच्या गाण्यांचे पहिले शब्द. कवीचे नाव कुठेही नाही. मी दाजींना ते दाखवले. तर चुलीपुढे बसलेली आई, जिला अक्षर येत नव्हते, म्हणाली, “कागदावर कशाला हुडकतोस? नाव गान्यात हाय की. शेवटाला आयक.”

आणि खरेच, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ होता.

समीक्षक म्हणून मला त्या एका वाक्याने जे शिकवले ते पुढे पुष्कळ पुस्तकांनी शिकवले नाही. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची रीत संतांची आहे, शाहिरांची आहे, गझलेचीही आहे. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) ती आपल्या गीतांत चालवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला. ज्यांना कागद वाचता येत नाही त्यांच्यासाठी लिहायचे तर कर्त्याचे नाव कागदावर ठेवून उपयोग नाही, ते गळ्यात ठेवले पाहिजे, हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक असणार. नाव गाण्यात शिवलेले असले की गायक बदलो, गाव बदलो, कव्हर फाटो, नाव पुसत नाही. ही मौखिक परंपरेची मालकीहक्काची नोंद आहे. आमच्या पंडितांनी तिला ‘नाममुद्रा’ म्हणून अलंकारांच्या खात्यात टाकले.

ही नोंद बाजाराला पुसता येत नव्हती असे समजू नये. कॅसेटीची एक बाजू अर्ध्या तासाची. तेवढ्यात चार-पाच गाणी बसवायची म्हटले की एखादे कडवे गळे, आणि गळायचे ते बहुधा शेवटच्या भागातले. ध्रुवपद पुन्हा पुन्हा घोळवत आवाज हळूहळू बारीक करून गाणे संपवायची पद्धत आली, तिने तर शेवट ही कल्पनाच मोडीत काढली. पुढे डी.जे.च्या मिश्रणात एका गाण्याचे मुखडे दुसऱ्याला जोडले गेले. आज जयंतीच्या मिरवणुकीत तास तास गाणी वाजतात आणि त्यांत एकही शेवटचे कडवे ऐकू येत नाही. पोरे नाचतात, त्यांनी नाचावे, मी त्या सोवळ्यातला नाही. पण कोणाच्या शब्दावर नाचतो हे त्यांना कळण्याची वाट बंद झालेली आहे.

यासाठी गायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी गातात, मग त्यांची भीमगीते खरी कशी, असा प्रश्न मीही एका सभेत विचारलेला आहे. तो अडाणी प्रश्न होता. दुकानाच्या एका फळीवर त्यांचा आवाज भक्तीच्या कॅसेटीत, दुसऱ्या फळीवर भीमगीतांच्या कॅसेटीत, आणि पोट एकच. कुठल्या फळीला हात घालायचा हे घेणारा ठरवी. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीतअभ्यासकाने १९९३ साली उत्तर हिंदुस्थानातल्या कॅसेट-संस्कृतीवर पुस्तक लिहिले. कॅसेट स्वस्त झाल्याने एका बड्या ग्रामोफोन कंपनीची आणि सिनेसंगीताची सद्दी मोडली आणि लहान समूहांना आपला आवाज बाजारात आणता आला, असे त्याचे म्हणणे आहे. आपल्या बाबतीत ते खरेच आहे. वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर हे आवाज आमच्या घरी नभोवाणीने फारसे आणले नाहीत. पण बाजारात आवाज आला म्हणजे आवाजाचा धनी बाजारात टिकला असे नव्हे. एकरकमी पैसे आणि एक कागद, एवढ्यावर कित्येक गाणी गेली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकाराचा स्वामित्वधनातला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले. तेव्हा वामनदादांना जाऊन आठ वर्षे झाली होती. आणि ज्या गाण्यावर नावच नाही, त्याचा वाटा मागणार कोण?

आता परत करण्याची गोष्ट. कॅसेटीच्या पाठीला दोन चौकोनी भोके असत. त्या जागचे प्लॅस्टिकचे दात मोडलेले असले की तिच्यावर दुसरे काही भरता येत नसे. कंपनीच्या कॅसेटीचे ते मोडूनच येत. मात्र भोकावर चिकटपट्टी लावली की टेपरेकॉर्डर फसे. शेजारच्या पोराने आमच्या आईला ही युक्ती दाखवली. पुढच्या दिवाळीला दाजी आले तेव्हा त्यांच्या कॅसेटीची दुसरी बाजू अर्धी पुसली गेली होती आणि तिथे आई आणि वस्तीवरच्या तिघीजणी जात्यावरच्या चालीत भीमाच्या ओव्या म्हणत होत्या. मधे कोंबडा, मधे कोणाचे तरी खोकणे. मी कपाळाला हात लावला. विकतची गाणी गेली. दाजी मात्र ती बाजू तीनदा ऐकून परत जाताना कॅसेट मागून बोईसरला घेऊन गेले. त्यानंतर ते दर वर्षी दोन कॅसेटी आणू लागले, एक भरलेली आणि एक कोरी.

आईने जे केले ते तिच्या एकटीचे नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या चमूने १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात जाऊन तिथल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या आता ‘पारी’च्या संग्रहात कोणालाही ऐकता येतात. संशोधक आले म्हणून त्या बायांनी ओव्या रचल्या नाहीत. त्या होत्याच. त्यांच्यापुढे कोरी फीत धरणारे कोणी नव्हते, एवढेच. आपल्या साहित्य संमेलनांनी, मंडळांनी, या लेखकासकट, गावोगाव पुस्तके भेट दिली. कोरी कॅसेट कोणाला दिल्याचे मला आठवत नाही.

या आत्मपरीक्षणात आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. बोईसरच्या ज्या चाळींतून या भेटी निघत त्यांच्यापासून हाकेवर वारल्यांचे पाडे होते. भात पिकू लागल्यापासून दिवाळीपर्यंत तिथे तारपा घुमे. भोपळा, बांबू, ताडाचे पान यांचे ते वाद्य. वाजवणारा मधे आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. दाजी तीस वर्षे त्या आवाजाच्या शेजारी राहिले, पण त्यांच्या पिशवीतून तारपा कधी आमच्या गावी आला नाही, आणि आमची एखादी कॅसेट पाड्यावर गेल्याचेही त्यांनी सांगितले नाही. आपण व्यासपीठावरून ‘दलित-आदिवासी’ हा जोडशब्द एका श्वासात उच्चारतो. भेटीचा व्यवहार मात्र आपल्या आपल्यात चालला. तारपा फितीत मावत नाही, त्याला नाचणारी साखळी लागते, असे कोणी म्हणेल. जलसा तरी फितीत कुठे मावत होता? आता लग्नांतून कीबोर्डावर तारप्याची चाल वाजते. तिलाही कोणाचे नाव नाही.

कॅसेट गेली, तिच्यामागून आलेली शंभर गाण्यांची सी.डी.ही गेली. कडुबाई खरात यांचा आवाज घरोघर गेला तो दुकानातून नव्हे, मोबाइलवरून. गाणे पाठवायला आता पैसा लागत नाही, म्हणून निवडही लागत नाही. सकाळी उठून चाळीस जणांना एकदम पाठवले जाते. तरी भेट संपलेली नाही. दाजींची नात बोईसरलाच असते, एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. मागच्या दिवाळीत तिने आजीसाठी, म्हणजे माझ्या बहिणीसाठी, पेन ड्राइव्हवर अठरा गाणी भरून आणली. सोबत वहीच्या कागदावर यादी : गाणे, गायक, आणि तिसरा रकाना ‘कवी’. तो रकाना भरायला ती माझ्याकडे आली होती. आम्ही दोन संध्याकाळी बसून प्रत्येक गाण्याचा शेवट ऐकला. अकरा गाण्यांत ‘वामन’ सापडला, दोहोंत दुसऱ्या कवींची नावे. उरलेली पाच शेवट येण्याआधीच विरून जातात. मी एक-दोन नावे अंदाजाने सांगितली, पण ती तिने लिहून घेतली नाहीत. पालघरला एक म्हातारे गायक आहेत, त्यांना ती गाणी पुरी येतात असे तिने ऐकले आहे. जयंतीच्या आधी त्यांच्याकडे जाऊन येणार आहे. तोवर यादीतल्या त्या पाच जागा कोऱ्या आहेत.