ध्वनिमुद्रित व्याख्यानांचे द्रुतश्रवण : एक चिकित्सा

ध्वनिमुद्रित व्याख्यान दीडपट किंवा दुप्पट गतीने ऐकण्याची रीत उच्च शिक्षणात आता चांगलीच रुळली आहे. २००३ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकाराने एनपीटीईएल हा उपक्रम सुरू झाला आणि वर्गातील व्याख्यान वर्गाबाहेरील विद्यार्थ्यालाही खुले झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर ध्वनिचित्रफीत हाच अनेकांचा वर्ग बनला. द्रुतश्रवणाविषयी सामान्यतः दोन मते आढळतात. एका मते ही वेळेची बचत होय; दुसऱ्या मते हा उतावळेपणा असून त्यात ज्ञानाचा अवमान आहे. दुसरे मत बहुधा अध्यापकांचे असते, हे ओघानेच आले.

हे दुसरे मत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ध्वनिफीत नुसती वेगाने फिरवली की आवाज चिरका होतो, ही अडचण इलिनॉय विद्यापीठातील ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ च्या सुमारास दूर केली. ध्वनीचे अत्यंत सूक्ष्म तुकडे ठरावीक अंतराने गाळून उरलेले जोडल्यास स्वराची उंची तीच राहते आणि काळ तेवढा आटतो, हे त्यांनी दाखवले. या तंत्राचा शैक्षणिक उपयोग लुईव्हिल विद्यापीठातील इमर्सन फूक यांनी दृष्टिहीन वाचकांना समोर ठेवून अभ्यासला. ब्रेल वाचनाचा वेग डोळस वाचनापेक्षा सामान्यतः कमी असतो, त्यामुळे डोळस सहाध्यायाच्या बरोबरीने वाचन पुरे करण्याचा मार्ग दृष्टिहीन विद्यार्थ्याला यातून मिळणार होता. ज्या साधनामागे ही गरज होती, त्याला आळशीपणाची सोय म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु बचतीचा दावाही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. १९६९ मध्ये फूक व थॉमस स्टिख्ट यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मिनिटाला सुमारे २७५ शब्दांपर्यंत आकलन हळूहळू घटते, त्यापुढे ते झपाट्याने कोसळते, असा त्याचा निष्कर्ष होता. येथे माप मिनिटाला किती शब्द हे आहे, किती पट हे नाही. मिनिटाला १०० शब्द बोलणारा वक्ता दुप्पट गतीनेही सुसह्य राहील. १६० शब्द बोलणारा त्याच गतीला ३२० वर जाईल. पडद्यावरील 'दुप्पट' हा आकडा श्रोत्याला प्रत्यक्ष गतीविषयी काहीच सांगत नाही. शिवाय हे माप इंग्रजीचे आहे. 'घरातल्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत त्यासाठी चार-पाच शब्द खर्ची पडतात. मराठी व्याख्यानाला २७५ ची मर्यादा लावणे म्हणूनच निरर्थक ठरते. तेथे अक्षरांची मोजणी करावी लागेल.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास द्रुतश्रवणाच्या समर्थनार्थ वारंवार पुढे केला जातो. ४० प्रश्नांच्या चाचणीत सामान्य गतीच्या गटाला सरासरी २६, दीडपट व दुप्पट गतीच्या गटांना सुमारे २५ आणि अडीचपट गतीच्या गटाला २२ गुण मिळाले. फरक अल्प आहे, हे मान्य करावे लागते. मात्र ऐकवलेल्या दोन ध्वनिचित्रफिती प्रत्येकी सुमारे पाव तासाच्या होत्या, एक रोमन साम्राज्यावर आणि दुसरी स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनावर. अशा चाचणीतून माहितीची धारणा मोजली जाते. तासाभराच्या युक्तिवादाचा धागा हाती राहिला की सुटला, हे त्यावरून ठरत नाही. या अभ्यासातील अधिक मोलाचा भाग मागे पडला आहे : दुप्पट गतीने दोनदा पाहणाऱ्यांपैकी ज्यांनी दुसऱ्यांदा चाचणीच्या तोंडावर पाहिले, त्यांना सामान्य गतीने एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा लाभ झाला.

येथे वैदिक शिक्षाग्रंथांची आठवण होते. या परंपरेत पठणाच्या तीन वृत्ती सांगितल्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी द्रुत, प्रयोगासाठी मध्यम आणि शिष्याला शिकवताना विलंबित वृत्ती योजावी, असा त्यांचा विभाग आहे. दुसरीकडे 'पाणिनीय शिक्षा' घाईने म्हणणाऱ्याला अधम पाठकांत बसवते. द्रुतगती तेथे निषिद्ध नाही. ती आधीच मुखोद्गत झालेल्या पाठाच्या आवृत्तीसाठी आहे. आजचा विद्यार्थी पहिल्या श्रवणालाच द्रुत वृत्ती लावतो, तेव्हा तो उपदेशाच्या जागी आवृत्ती बसवतो. दोष गतीत नसून क्रमात आहे.

विरामाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ मधला. या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला वक्त्याचे थांबणे हा भाषणाचाच भाग वाटत आला आहे. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांचे भाषण दुप्पट गतीने ऐकून पाहावे. शब्द सगळे कळतात. वाक्य मनात उतरायला वक्त्याने ठेवलेली जागा मात्र निम्मी उरते. यंत्राला रिकामी शांतता आणि अर्थपूर्ण शांतता यांत भेद करता येत नाही. गणिताच्या व्याख्यानात अध्यापक फळ्यावर समीकरण उतरवत असतो, तो वेळ वरवर पाहता वाया जाणारा. पण पुढची पायरी स्वतः ताडून पाहण्याची संधी विद्यार्थ्याला तेथेच मिळते. हजेरी, सूचना, पुनरुक्ती हे मात्र खुशाल आटवावे. काही व्याख्यानांत त्याखेरीज फारसे काही नसते, हेही खरे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची स्थिती या सर्व चर्चेत जवळजवळ अनुपस्थित आहे. तो इंग्रजी व्याख्यान ऐकताना भाषा आणि विषय असे दुहेरी ओझे वाहतो. त्याला गती वाढवण्याची नव्हे, तर पाऊणपट करण्याची गरज भासते, आणि ती सोय त्याच बटनावर उपलब्ध असूनही वर्गमित्रांसमोर वापरायला तो संकोचतो. वेगाने ऐकणे हे हुशारीचे लक्षण मानले गेल्याचा हा परिणाम आहे. सावकाश ऐकण्याची मुभा त्या साधनात आहे, हे पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगणारे अध्यापक फार थोडे आढळतात.