क्ष-किरणांचा अर्धाच धडा

क्ष-किरणांचा धडा आपल्या शाळांत बहुधा एका हाताच्या छायाचित्राशी संपतो: १८९५ साल, राँटजेनच्या पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी. दुसऱ्या एका हाताविषयी मात्र चकार शब्द निघत नाही. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली नळ्या तपासताना स्वतःचा हात किरणांपुढे धरत असे. पुढे त्याचे हात कापावे लागले. तरीही १९०४ मध्ये तो मरण पावला. हा उत्तरार्ध गाळणे आम्हांला चुकीचे वाटते. अमरावतीच्या इर्विन चौकातून जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही क्ष-किरण म्हणजे रुग्णाचा फोटो एवढेच ठाऊक असते. आत दिवसभर काम करणाऱ्याचे काय?

आपल्याकडे २००४ च्या प्रारण संरक्षण नियमांनी कर्तव्ये वाटून दिली आहेत. मात्रामापक बिल्ला व संरक्षक साधने मालकाने पुरवायची, कर्मचाऱ्याने ती नीट वापरायची. पण बिल्ला म्हणजे कवच, हा समज चिवट आहे. बिल्ला फक्त मात्रा मोजतो, आणि तीही कळते तीन महिन्यांच्या वापरानंतर! यंत्र बंद असताना किरण नसतातच; चालू असताना ते रुग्णाच्या शरीरावरून विखुरतात. त्याच्यापासूनचे अंतर दुप्पट केले, की मात्रा सुमारे एक-चतुर्थांश. व्यस्त वर्गाचा नियम आपण दिव्यावर शिकवतो, तो इथे का नको?

मग रडणाऱ्या मुलाला यंत्रापुढे धरायचे कोणी? तंत्रज्ञाने नव्हे, त्याच्यावर ही वेळ वारंवार येते. नातेवाइकाने, शिशाचा ॲप्रन घालून. आई धरणार असेल, तर ती गरोदर नाही ना, हे आधी विचारून.