'फूट' आणि 'पाय' : एका समीकरणाची चिकित्सा

इंग्रजीच्या अध्यापनात 'फूट म्हणजे पाय' हे समीकरण सहज दिले जाते. अर्थाच्या दृष्टीने ते सदोष आहे. इंग्रजी शब्द घोट्याखालील भागापुरता, म्हणजे आपल्या 'पाऊल' या शब्दाच्या जवळचा. मराठी 'पाय' मात्र कमरेपर्यंत पोहोचतो. उगमाच्या दृष्टीने मात्र हेच समीकरण अचूक ठरते. संस्कृत 'पाद', लॅटिन 'पेस' आणि इंग्रजी 'फूट' एकाच मूळ धातूचे आहेत. 'पितृ' आणि 'फादर' यांत दिसणारा प-फ हा नियमित बदल ग्रिमने १८२२ मध्ये सूत्रबद्ध केला. याउलट 'हात' आणि 'हँड' कानाला जवळचे वाटतात. पण 'हस्त'शी 'हँड'चा संबंध प्रस्थापित झालेला नाही. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविण्याची आपली सवय येथे उघडी पडते.

ही सवय रत्नागिरीत तरी टिकू नये. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील मालवण येथे जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले रा. गो. भांडारकर यांनी १८७७ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत संस्कृत-प्राकृत-देशी भाषा या क्रमातील ध्वनिपरिवर्तनाची शिस्त दाखवून दिली होती.

चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, या कल्पनेतून 'पाद'ला चतुर्थांशाचा अर्थ आला. बाजारातला 'पाव' किलो, 'सपाद'पासूनचा 'सव्वा', 'पादोन'पासूनचा 'पाऊण', जुनी चार आण्यांची 'पावली' ही सारी त्याच पायाची संतती. (बेकरीतला पाव पोर्तुगीज, त्याचे गोत्र वेगळे.) 'पायजमा' आणि इमारतीचा 'पाया' फारसीतून आले, पण फारसी 'पाय'ही सगोत्रच आहे. इंग्रजीत मात्र हा शब्द चतुर्थांशाकडे न जाता बारा इंचांच्या मापाकडे गेला.

खरी हानी होते ती छंदविचारात. पद्याचा पाद किंवा चरण म्हणजे श्लोकाचा चौथा भाग, म्हणजे एक अखंड ओळ. इंग्रजी 'फूट' मात्र ओळीतील दोन-तीन अक्षरांचा घटक असतो. 'पेंटामीटर'चे भाषांतर 'पाच चरणांची ओळ' असे केले, तर ओळीतच पाच ओळी कोंबल्या जातात! 'गण' हा पर्याय अधिक जवळचा. परंतु अक्षरगण नेहमी तीन अक्षरांचा असून लघुगुरूंवर उभा असतो, तर इंग्रजी घटक आघातावर. म्हणून येथे 'फूट' हाच शब्द ठेवून त्याची व्याख्या देणे प्रस्तुत लेखकास अधिक प्रामाणिक वाटते.