श्रद्धाधिष्ठित विकासकार्य आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : आगा खान डेव्हलपमेंट नेटवर्कची चिकित्सा

प्रास्ताविक :
धर्मप्रेरणेतून उभ्या राहिलेल्या विकाससंस्थांचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांवरून केले जाते. एकीकडे भक्तिभावाने केलेला गौरव असतो, तर दुसरीकडे धर्मप्रसाराचा संशय. संस्थेची प्रत्यक्ष कार्यपद्धती या दोन्ही भूमिकांत दुर्लक्षित राहते. इस्माइली शिया मुस्लिमांचे वंशपरंपरागत इमाम आगा खान यांच्या नेतृत्वाखालील 'आगा खान डेव्हलपमेंट नेटवर्क' या संस्थासमूहाचा विचार प्रस्तुत लेखात कार्यपद्धती आणि उत्तरदायित्व या दोन अंगांनी केला आहे. मराठी वाचकास हे नाव पुण्याच्या आगा खान पॅलेसमुळे परिचित आहे. १९६९ मध्ये चौथ्या आगा खानांनी ही वास्तू भारताला अर्पण केली. तथापि महाराष्ट्राशी असलेला या परंपरेचा संबंध याहून खोल आहे.

समूहाचे स्वरूप :
१९६७ मध्ये आगा खान फाउंडेशनची स्थापना झाली. ग्रामविकास, शिक्षण, आरोग्य, वास्तुजतन, उद्योग अशा क्षेत्रांतील स्वतंत्र संस्था पुढे एका नेटवर्कमध्ये गुंफल्या गेल्या. कराचीचे आगा खान विद्यापीठ (१९८३) आणि दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याचे जतनकार्य ही त्याची ठळक उदाहरणे होत. समूहाच्या निधीचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात : इमाम व अनुयायी यांचे योगदान, विविध सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांची अनुदाने, तसेच उद्योगांतून मिळणारा व विकासकार्यात पुन्हा गुंतविला जाणारा नफा. लाभार्थी निवडताना धर्मभेद करावयाचा नाही, हे समूहाचे घोषित धोरण आहे.

कार्यपद्धतीचे बलस्थान :
१९८२ मध्ये पाकिस्तानच्या उत्तरेकडील गिलगिट भागात समूहाचा ग्रामविकास कार्यक्रम सुरू झाला. कोमिला प्रयोगाचे प्रवर्तक अख्तर हमीद खान यांच्या विचारांचा वारसा सांगणारे शोएब सुलतान खान हे त्याचे प्रमुख होते. गावाने एकत्र यावे, नियमित सभा घ्यावी, बचत करावी आणि पाट, रस्ता यांसारखे एक काम स्वतः निवडावे. त्या कामासाठी अनुदान मिळेल, मात्र देखभाल गावाने करावी, अशी ही रचना होती. जागतिक बँकेने या कार्यक्रमाचे चार वेळा मूल्यमापन केले. १९९० च्या दशकात शोएब सुलतान खान यांच्याच मार्गदर्शनाखाली संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमातून ही पद्धती आंध्र प्रदेशात आली. तेथील महिला गटांच्या अनुभवाचा २०११ च्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानावर मोठा प्रभाव पडला. महाराष्ट्रातील 'उमेद' हा त्याच अभियानाचा भाग होय. आपल्या गावांतील बचत गटांच्या अनेक पूर्वसूत्रांपैकी एक सूत्र असे गिलगिटपर्यंत पोहोचते.

उत्तरदायित्वाचा पेच :
या पद्धतीचा गाभा म्हणजे उघडी सभा व उघडा हिशेब. हीच कसोटी समूहाच्या शिखरास लावता येईल काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचा इतिहास मुंबईत घडला आहे. १८६६ मध्ये खोजा समाजातील एका गटाने आगा खानांच्या अधिकारास आव्हान दिले असता मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आगा खानांच्या बाजूने निर्णय दिला. १९०८ च्या हाजी बीबी खटल्यात, अनुयायांकडून येणाऱ्या अर्पणांत वाटा मागणाऱ्या नातेवाइकांचा दावा फेटाळला गेला. अर्पणांवरील इमामांचा हक्क अशा रीतीने कायद्याने निश्चित झाला. श्रद्धेच्या व्यवहारापुरता हा निर्णय पुरेसा मानता येईल. परंतु त्याच व्यक्तीच्या अध्यक्षतेखालील संस्था जेव्हा करदात्यांच्या पैशातून अनुदान स्वीकारतात, तेव्हा श्रद्धा हा उत्तरदायित्वाचा पर्याय ठरू शकत नाही. गावातील संघटनेचा पदाधिकारी सभेला जबाबदार असतो. शिखरावरील पद मात्र वारशाने येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथ्या आगा खानांच्या निधनानंतर इमामपद त्यांचे पुत्र रहीम यांच्याकडे गेले व त्यासोबत नेटवर्कचे नेतृत्वही गेले.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सरकारी योजना निवडणुकीगणिक बदलतात. वंशपरंपरागत नेतृत्वास मात्र पिढ्यांचा विचार करता येतो. २०२१ च्या सत्तांतरानंतरही नेटवर्कने अफगाणिस्तानातील काम चालू ठेवले. असे सातत्य मोलाचे आहे. पण सातत्य आणि उत्तरदायित्व हे दोन भिन्न गुण असून एकाच्या बळावर दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

निष्कर्ष :
या समूहाचे श्रेय त्याच्या धार्मिक प्रेरणेपेक्षा गावावर टाकलेल्या विश्वासात अधिक आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच स्पष्ट होते. जी शिस्त गिलगिटच्या शेतकऱ्याकडून अपेक्षिली गेली, तीच सर्वोच्च स्तरावर आणणे, म्हणजे निधीचे तिन्ही प्रवाह एकत्र मांडणे आणि लाभार्थ्यांच्या प्रतिनिधींना निर्णयप्रक्रियेत स्थान देणे, ही पुढील काळाची कसोटी ठरेल. मठ, देवस्थाने आणि धर्मादाय न्यास यांच्या शिक्षण व आरोग्यकार्याचा अभ्यास करतानाही हाच निकष लावणे उचित ठरेल.